देवगिरीच्या दप्तरातील पै

सोळाव्या शतकाच्या मध्यास, निजामशाहीची अमदानी असताना, देवगिरी ऊर्फ दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी नावाचे एक दत्तोपासक गृहस्थ किल्लेदारीच्या हुद्द्यावर होते, आणि पैठणहून त्यांच्याकडे आलेला एकनाथ नावाचा पोरवयाचा शिष्य त्यांच्या सेवेत राहत होता. किल्लेदारी म्हणजे केवळ तटाबुरुजांची राखण असे नसे. शिबंदीचा पगार, दाणावैरण, दारूगोळा, मुलखातून येणारा वसूल आणि हुजुरात जाणारा भरणा या साऱ्यांचे दप्तर तिच्या पाठीशी असे, आणि त्या दप्तराचे लिहिणे स्वामींनी या शिष्याच्या स्वाधीन केले होते. चरित्रकारांनी सांगितलेली आणि महाराष्ट्रातल्या लहान मुलांनाही ठाऊक असलेली गोष्ट अशी की, एकदा जमाखर्चाचा ताळा जमेना. एका पैची चूक कोठेतरी राहून गेली होती. एका पैसाठी किल्ल्याचे काही अडणार नव्हते, आणि ती कोणत्याही किरकोळ बाबीखाली लिहून टाकली असती तर वहीवर मोहोर उठण्यासही हरकत आली नसती. परंतु एकनाथ दिव्याच्या उजेडात रात्रभर वह्या चाळीत बसले, एकेक रक्कम पुनःपुन्हा पडताळीत राहिले, आणि पहाटेच्या सुमारास चूक नेमकी हाती लागली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. टाळीच्या आवाजाने जागे झालेल्या स्वामींनी कारण विचारले, ते ऐकले, आणि एवढ्याशा चुकीचा छडा लागल्याने जर इतका हर्ष होतो तर संसाराच्या मूळ चुकीचा छडा लागल्यावर केवढा होईल, असे म्हणून त्या एकाग्र चित्ताला परमार्थाची दिशा दाखवली, असे सांगतात.

कीर्तनकार ही कथा सांगतात तेव्हा त्यांचा भर बहुधा स्वामींच्या उपदेशावर असतो. पै हे निमित्त ठरते, दप्तर मागे पडते, आणि श्रोत्यांच्या मनावर असा ठसा उमटतो की हिशेबाचे काम हलके आणि ध्यानाचे काम थोर, एक सोडल्यावाचून दुसरे साधत नाही. माझे मत याहून निराळे आहे. स्वामींनी एकनाथांना शूलिभंजनाच्या डोंगरावर अनुष्ठानास पाठवले ते पुढे, आणि पाठवले तेही अशाच शिष्याला, की ज्याचे मन नेमून दिलेल्या कामावरून, कोणी पाहत नसताना, झोपेच्या ओढीनेसुद्धा ढळले नव्हते. गुरूने दप्तर सांभाळण्याची आज्ञा केली होती. पहाटेपर्यंत जागण्याची केली नव्हती. आज्ञेचे अक्षर आणि आज्ञेचा अर्थ यांच्यामध्ये जे अंतर असते ते त्या मुलाने आपल्या प्रेमाने भरून काढले, आणि पहाटे त्याला जो आनंद झाला तो कोणाच्या शाबासकीतून आला नव्हता. ईश्वराचा आशीर्वाद नित्याच्या जीवनात कोठे आणि कसा उतरतो, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी त्याला प्रथम या रात्रीकडे नेईन.

हे सांगण्याची गरज आज विशेष आहे, कारण आशीर्वादाची मागणी आपल्या समाजात पूर्वी कधी नव्हती इतकी वाढलेली दिसते. पंढरपूर, तुळजापूर, शिर्डी, जेजुरी, प्रभादेवी, कोठेही जावे, दर्शनाच्या रांगा मैलभर लागलेल्या असतात, आणि त्या रांगांत उभ्या असलेल्या माणसांच्या श्रद्धेविषयी मला अनादर मुळीच नाही. आजारी मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई देवाला नवस बोलते तेव्हा ती व्यापार करीत नसते. तिच्याजवळ दुसरे काही उरलेले नसते, आणि अशा हाकेला देव अंतर देत नाही अशी माझी धारणा आहे. मात्र ज्यांच्या हातात करण्यासारखे पुष्कळ आहे, ज्यांच्यापुढे रोज सकाळी एक नेमून दिलेले काम येऊन उभे राहते, त्यांनी ते काम अर्धवट टाकून, त्यात कसूर करून, आणि मग शंभर कोस प्रवास करून देवापुढे हात पसरावा, यात काहीतरी मुळातच चुकते. जे मागण्यासाठी ते इतक्या दूर जातात ते त्यांच्या मेजावर, त्यांच्या वर्गात, त्यांच्या दुकानाच्या तराजूत त्यांची वाट पाहत असण्याचा संभव अधिक असतो.

याचा अर्थ असा कोणी घेऊ नये की आज्ञापालन हे नाणे आहे आणि कृपा हा त्याच्या मोबदल्यात मिळणारा माल. नवसाच्या जागी कर्तव्य ठेवले आणि सौदा तसाच चालू ठेवला तर आपण फक्त चलन बदलले, वृत्ती बदलली नाही. नाथांच्या सबंध चरित्रात एकही प्रसंग असा नाही की त्यांनी काम केले आणि मग देवाकडे त्याचा तगादा लावला. माणूस सांगितलेले काम मनापासून करतो तेव्हा त्याचे ‘मी’पण काही काळ तरी बाजूला सरते, आणि जेवढे ते सरते तेवढी जागा मोकळी होते; कृपा नेहमीच दाराशी असते, तिला आत यायला वाव मिळतो एवढेच. आमच्या संतांनी नामस्मरणाविषयी जे सांगितले तेच दैनंदिन कर्तव्याविषयीही खरे आहे, आणि या दोन गोष्टी त्यांनी कधी परस्परांपासून तोडल्या नाहीत. गोरोबांनी चाक सोडले नाही, सावतोबांनी मळा सोडला नाही.

परंतु आज्ञापालनाविषयी सुशिक्षित मनाला जी भीती वाटते तिचा विचार टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही भीती निराधार नाही. आज्ञेच्या नावाखाली या देशात माणसांनी माणसांना शतकानुशतके राबवले, तुडवले, गावकुसाबाहेर ठेवले. आणि आजही असे पुष्कळ गुरू आहेत की जे शिष्याची विवेकबुद्धी, त्याची मिळकत आणि कधी कधी त्याच्या घरातल्या स्त्रियांची अब्रूसुद्धा ‘संपूर्ण शरणागती’ या नावाखाली मागून घेतात. अशा मागणीपुढे मान तुकवणे याला मी आज्ञापालन म्हणणार नाही, आणि तसे करणाऱ्याला देवाचा आशीर्वाद मिळेल असे सांगणे हे पाप समजतो. मग खरी आज्ञा ओळखावी कशी? याचेही उत्तर देवगिरीच्या त्याच गुरूने दिलेले आहे.

एकनाथ घरी कोणाला न सांगता गुरूच्या शोधात निघून गेले होते. आईबाप लहानपणीच निवर्तलेले. सांभाळ आजोबा चक्रपाणींनी केलेला. नातू नाहीसा झाल्यावर त्या वृद्ध दांपत्याने किती रात्री कशा काढल्या असतील याची कल्पना करवत नाही. पुढे अनुष्ठान झाले, तीर्थयात्राही झाली, आणि इकडे आजोबांनी शोध काढीत जनार्दनस्वामींना गाठले. स्वामींनी त्यांच्याजवळ नाथांच्या नावाचे एक पत्र दिले. यात्रेहून परतणारे नाथ पैठणाजवळ येऊन उतरले असताना आजोबांनी त्यांना ओळखले, मिठी मारली आणि ते पत्र पुढे केले. पत्रातील आज्ञा अशी होती की, हे पत्र जेथे मिळेल तेथेच राहावे, विवाह करावा आणि गृहस्थाश्रम चालवावा. नाथांनी पत्र मस्तकी लावले आणि तेथून पुढे पाऊल टाकले नाही. त्याच जागी त्यांचा मुक्काम पडला, असे परंपरा सांगते.

या प्रसंगाजवळ थोडे थांबले पाहिजे. इतका गुणी, इतका निष्ठावंत, दप्तर सांभाळणारा, आणि चरित्रकार म्हणतात त्याप्रमाणे गुरू समाधीत असताना शत्रू चालून आला तेव्हा गुरूचे चिलखत चढवून त्याला परतवून लावणारा व त्याविषयी अवाक्षर न काढणारा शिष्य हाताशी असताना, कोणत्याही सामान्य माणसाला त्याला जवळ ठेवून घ्यावेसे वाटले असते. जनार्दनस्वामींनी त्याला परत पाठवले. आणि पाठवले कोठे, तर ज्यांना तो दुःखात टाकून आला होता त्या वृद्धांच्या घरी, चुलीशी, संसाराशी, गावाच्या रोजच्या कटकटीशी. खऱ्या आज्ञेची खूण मला यात दिसते. जी आज्ञा शिष्याला आज्ञा करणाऱ्याच्या भोवती बांधून ठेवते, त्याचा मठ मोठा करते, त्याच्या गादीला माणसे जोडते, तिच्याविषयी संशय बाळगावा. आणि जी आज्ञा आपल्याला आपल्या टाकलेल्या कर्तव्याकडे, ज्यांचे आपण देणे लागतो त्या माणसांकडे परत नेते, तिच्या मागे देवाचा हात आहे असे निर्धास्तपणे मानावे. वाचकांपैकी कोणाला आपल्या घरातल्या तरुणाने एखाद्या बुवाच्या नादी लागून आईबापांशी बोलणे टाकल्याचा अनुभव असेल तर त्यांना हा भेद मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पैठणला नाथांचा जो संसार उभा राहिला त्यात आणखी एक व्यक्ती होती, आणि तिच्याविषयी आपले चरित्रकार फार थोडे बोलतात. नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी काय सोसले, काय केले, याचा तपशील अतिथींच्या कथांमध्ये विखुरलेला आहे: भर पावसात अपरात्री पाहुणे यावेत, घरात कोरडे सर्पण नसावे, आणि पलंग मोडून चूल पेटवावी, श्राद्धाचा सबंध स्वयंपाक एकदा वाढून झाल्यावर पुन्हा नव्याने रांधावा. आज्ञापालनाचे गुणगान करणाऱ्या पुरुषाने येथे सावधपणे लिहावे, कारण आमच्या घरांतून हे पालन पिढ्यान्पिढ्या मुख्यतः बायकांकडून करवून घेतले गेले आणि त्यालाच धर्म हे नाव देण्यात आले. ज्या घरात आज्ञा एकाच बाजूने सुटते आणि दुसऱ्याच बाजूने पाळली जाते, तेथे चालते ती वेठ. नाथांच्या घरात काय होते हे ठरवायला मजजवळ एक दाखला आहे, तो त्यांच्या मुलाचा.

हरिपंडित हा नाथांचा पुत्र मोठा विद्वान, संस्कृताचा कट्टर अभिमानी. बाप प्राकृतात पुराण सांगतो, कोणाच्याही घरी अन्न घेतो, हे त्याला असह्य होऊन तो घर सोडून काशीस गेला. नाथ त्याला आणावयास गेले तेव्हा त्याने अटी घातल्या: पुराण सांगायचे तर संस्कृतातच, आणि परान्न घ्यायचे नाही. ज्या पुरुषाने भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत अठरा हजारांहून अधिक ओव्या रचल्या, ज्या ग्रंथासाठी त्याला काशीच्या पंडितांनी जाब विचारायला बोलावले आणि जो त्याने त्याच काशीत शके 1495 मध्ये, म्हणजे इ. स. 1573 साली पूर्ण केला, त्याला हा ग्रंथ बंद करून ठेवण्याची अट स्वतःच्या मुलाने घालावी, आणि त्याने ती मान्य करून मुकाट्याने घरी यावे, याला काय म्हणावे? दुबळेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु पित्याने अट पाळली, श्रोते ओसरत गेले तरी पाळली, आणि पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका दरिद्री विधवेच्या घरी हरिपंडिताच्याच संमतीने नाथ जेवले. त्यांचे उष्टे पान मुलाने उचलले तेव्हा त्याखाली दुसरे, त्याखाली तिसरे अशी हजार पाने निघाली, अशी कथा आहे. चमत्कारावर ज्याचा विश्वास नसेल त्याने तो सोडून द्यावा. मुलाचे मन पालटले एवढे तर उरतेच, आणि ते वादविवादाने पालटले नव्हते. ज्या घरात बाप मुलाची आज्ञा पाळू शकतो त्या घरात आज्ञा ही कोणाच्या वर्चस्वाची सबब असू शकत नाही.

आता ज्या प्रश्नावर सारे येऊन ठेपते तो असा की दोन आज्ञा परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या तर काय करावे. श्राद्धाचा दिवस होता. पितरांसाठी केलेल्या अन्नाचा सुवास दारावरून जाणाऱ्या महार कुटुंबापर्यंत पोचला, त्यांच्या मुलांनी त्या अन्नाविषयी काही उद्गार काढले, आणि ते ऐकून नाथांनी त्या सर्वांना घरात बोलावून तेच अन्न पोटभर वाढले. शास्त्राची आज्ञा मोडली होती. शिरस्ता मोडला होता. गावच्या ब्रह्मवृंदाने त्यांच्याकडे जेवण्याचे नाकारले ते त्यांच्या दृष्टीने रीतसरच होते. त्याचप्रमाणे गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात चुकून मागे राहिलेले अस्पृश्याचे रडणारे पोर त्यांनी कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचवले; आणि उत्तरेकडून रामेश्वराला घालण्यासाठी आणलेले कावडीतले गंगोदक वाटेत तहानेने तडफडणाऱ्या एका गाढवाच्या तोंडात ओतले. या तीन कथा महाराष्ट्राने इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्यांतला धक्का बोथट झाला आहे. सोबतच्या यात्रेकरूंच्या दृष्टीने पाहावे: महिनोन् महिने खांद्यावर वाहिलेला संकल्प, देवाला केलेला शब्द, आणि तो एका जनावरासाठी वाळूत सांडून टाकलेला.

येथे नाथ बंडखोर झाले असे आजकाल लिहिले जाते, आणि त्यांच्या आज्ञाधारकतेचा व या बंडाचा जणू दोन निराळ्या माणसांशी संबंध असावा असे भासवले जाते. मला तसे वाटत नाही. एका पैची चूक सहन न होणारे जे डोळे, तेच डोळे एका पोराचे रडणे सहन करू शकले नाहीत. ज्याने वर्षानुवर्षे समोरच्या लहानशा कामाकडे दुर्लक्ष न करण्याची सवय अंगी मुरवली, त्याला समोर तडफडणाऱ्या जीवाकडे दुर्लक्ष करता येणे अशक्य होते; आणि त्या क्षणी मोठी आज्ञा कोणती याचा त्याला ऊहापोह करावा लागला नाही. वरच्या आज्ञेसाठी खालची मोडण्याचा अधिकार त्यालाच पोचतो, ज्याने खालची आज्ञा मन लावून पाळलेली असते. कंटाळ्याने, आळसाने किंवा सोयीसाठी नियम मोडणाऱ्याने नाथांचे नाव पुढे करू नये.

या परंपरेचा अगदी अलीकडचा पुरावा पंढरपुरातच आहे. 1947 सालच्या मे महिन्याच्या 1 तारखेस साने गुरुजींनी विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले आणि 10 तारखेस त्यांची मागणी मान्य झाली. गुरुजींसारखा आज्ञाधारक मनुष्य विरळा. आईचा शब्द ज्याला आयुष्यभर पुरला, ज्याने देशाच्या हाकेसाठी तुरुंगवास सोसला, तोच पुरुष शेकडो वर्षांच्या वहिवाटीपुढे प्राण पणाला लावून उभा राहिला. त्याने कोणाचा द्वेष केला नाही, कोणाला शाप दिला नाही. जी आज्ञा त्याच्या अंतःकरणात स्पष्ट उमटली होती तिचे त्याने पालन केले एवढेच, आणि त्या पालनाचा प्रसाद आज पंढरीच्या सभामंडपात शिरणारा प्रत्येक माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, भोगतो आहे.

नाथांच्या आज्ञापालनाचे जे फळ आपल्या सर्वांच्या घरात पोचले आहे त्याचा उल्लेख मात्र सविस्तर केला पाहिजे. ज्ञानेश्वरी लिहिली जाऊन जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. हातोहात नकला होत होत्या, प्रत्येक नकलेत लेखकाचा प्रमाद, कोठे ओवी गळालेली, कोठे कोणा हौशी कवीने आपली घुसडलेली, आणि मूळ पाठ कोणता व मागाहूनचा कोणता हे सांगणे कठीण झाले होते. परंपरा सांगते की, ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन अजानवृक्षाची मुळी आपल्या गळ्याला लागल्याचे नाथांना सांगितले. नाथ आळंदीस गेले, समाधीचे स्थान शोधले, मुळी दूर केली, आणि त्यानंतर शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींची रुजुवात करून शुद्ध प्रत सिद्ध केली. आज ग्रंथसंपादन हे स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्या काळी असा उद्योग करणाऱ्यापुढे फारशी उदाहरणे नव्हती. देवगिरीच्या दप्तरात रात्रभर रकमा पडताळणारा तो कारकूनच पैठणच्या ओसरीवर ओव्या पडताळीत बसला होता, असे मला नेहमी वाटते. आणि यातली सर्वांत मोठी गोष्ट अशी की, संपादक स्वतः पहिल्या प्रतीचा कवी असूनही त्याने त्या ग्रंथात आपले काही मिसळले नाही, आणि पुढे कोणी मिसळू नये म्हणून स्पष्ट ताकीद लिहून ठेवली. ज्ञानदेवांची वाणी ज्ञानदेवांचीच ठेवणे ही त्याला झालेली आज्ञा होती, आणि ती पाळताना स्वतःच्या प्रतिभेला त्याने दाराबाहेर थांबवले. आळंदीपासून नागपूरपर्यंत ज्या घरात पारायण चालते तेथे या एका माणसाच्या संयमाचा आशीर्वाद पोचलेला असतो.

दप्तर त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेले नाही, याचा लेखी पुरावाही आहे. त्यांच्या रूपकांमध्ये अर्जदस्त आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे. सरकारी कागदाच्या हुबेहूब घाटात त्यांनी जीव, बुद्धी आणि शरीर यांना शेकदार, कारकून आणि परगणा करून धन्याच्या दरबारी त्यांची कैफियत मांडली. कचेरीचे कागद ज्याने तुच्छ मानले असते त्याला त्या कागदांच्या भाषेत देवाशी बोलण्याचे सुचले नसते.

म्हणूनच मी आजच्या कचेऱ्यांविषयी बोलण्यास संकोच करीत नाही. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद व्हावी म्हणून तलाठ्याकडे खेटे घालणारी शेतकऱ्याची मुले, निराधार योजनेच्या अनुदानाचा अर्ज कोणत्या मेजावर अडकला हे विचारीत फिरणारी वृद्ध विधवा, यांच्यासाठी देवाचा आशीर्वाद म्हणजे नियमाप्रमाणे, मुदतीत, कोणापुढे हात न पसरता उठलेली एक सही असते. त्या सहीचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्या खिशात देवाची तसबीर असते, त्याच्या मेजावर उदबत्ती लागलेली असते, आणि तरी कागद पुढे सरकत नाही, हे दृश्य मला फार व्यथित करते. उलट मी अशीही माणसे पाहतो की ज्यांना कोणी धार्मिक म्हणणार नाही. आरोग्यकेंद्रातली परिचारिका सकाळ-संध्याकाळ शीतपेटीचे तापमान पाहून नोंदवते, कारण लस 2 ते 8 अंशांच्या दरम्यान राहिली नाही तर ती बाळाच्या अंगात जाऊनही त्याचे रक्षण करणार नाही, आणि हे बाळाच्या आईला कधी कळणारही नाही. रेल्वेचा चावीवाला हातोडा घेऊन रोज आपल्या हद्दीतली लोहमार्गाची प्रत्येक चावी डोळ्यांखालून घालतो, सैल झालेली ठोकून घट्ट करतो. गाडीत झोपलेल्या शेकडो माणसांना त्याचे नावही ठाऊक नसते. नोंद खोटी लिहिता येते, चावी न ठोकताच पुढे जाता येते. बहुतेक दिवशी काही बिघडतही नाही. न बिघडणाऱ्या त्या दिवशीसुद्धा जो आपले काम पुरते करतो, त्याच्या आणि त्या पै शोधणाऱ्या शिष्याच्या मध्ये मला फारसे अंतर दिसत नाही.

अशा माणसाला काय मिळते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बढती मिळेलच असे नाही. पुष्कळदा ती दुसऱ्यालाच मिळते. घरात दुखणे येणार नाही असेही नाही. आज्ञापालनाने संकटे टळतात असे सांगणारा मनुष्य संतांची चरित्रे न वाचताच बोलत असतो. पैठणची कथा याविषयी एक विलक्षण गोष्ट सांगते. नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक ब्राह्मण गडी म्हणून राहिला. त्याने बारा वर्षे गोदावरीचे पाणी कावडीने आणून रांजण भरले, पूजेसाठी चंदन उगाळले, पडेल ते काम केले. पुढे द्वारकेत तप करणाऱ्या एका ब्राह्मणाला साक्षात्कार झाला की भगवान श्रीकृष्ण पैठणास एकनाथाच्या घरी आहे. तो शोधीत आला, आणि तेव्हा कळले की गडी कोण होता. तोवर श्रीखंड्या अंतर्धान पावला होता. आजही पैठणला तुकाराम बीजेपासून तो रांजण भरण्यास आरंभ होतो, आणि नाथषष्ठीच्या आधी भाविकांच्या घागरी त्यात रित्या होत राहतात.

या कथेत सर्वांत महत्त्वाचे मला हे वाटते की बारा वर्षे नाथांना ठाऊक नव्हते. देव घरात राबत होता आणि घरधनी आपले नित्याचे स्नान, पुराण, अन्नदान यांत मग्न होता. त्याने देवाला ओळखण्याचा प्रयत्नही केल्याचे कोणी सांगत नाही. आशीर्वाद मिळाला की नाही हे पुनःपुन्हा तपासून पाहणारे आपण, आणि आशीर्वाद स्वतः पाणी भरीत असताना त्याच्याकडे न पाहता कामात गुंतलेले नाथ! नित्याच्या आज्ञापालनाचा प्रसाद बहुधा असाच ओळख न देता येतो: घरातल्या माणसांचा आपल्या शब्दावर बसलेला विश्वास, रात्री निश्चिंत लागणारी झोप, आपल्या पश्चात आपले काम कोणाला निस्तरावे लागणार नाही ही खात्री. त्याला चमत्कार म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

शके 1521 मध्ये, म्हणजे इ. स. 1599 साली, फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला तेव्हा त्यांचे भावार्थ रामायण अपुरे होते. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले होते, आणि हरिपंडितासारखा विद्वान पुत्र घरात असताना उरलेला ग्रंथ पुरा करण्याची आज्ञा त्यांनी गावबा नावाच्या शिष्याला केली. हा गावबा लहानपणी मंदबुद्धी समजला जाई, पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला, आणि मंत्र म्हणून ‘एकनाथ’ या एका नावापलीकडे काही म्हणावयास तयार नसलेला. लोक हसले असतील, पंडितांनी भुवया उंचावल्या असतील. गावबा लिहावयास बसला, आणि पंचेचाळिसाव्या अध्यायापासून पुढचे रामायण त्याने पुरे केले.